करंडक की क्रीडांगण?

आपल्या जिमखान्याच्या कार्यालयात एक काचेचे कपाट आहे. त्यात ढाली आहेत, चषक आहेत; काहींवरची अक्षरे आता पुसट झाली आहेत. वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभात जिमखान्याचा अहवाल वाचला जातो, तेव्हा या कपाटात यंदा कितींची भर पडली हे आवर्जून सांगितले जाते आणि आपण सारे टाळ्या वाजवतो. पण यंदा किती विद्यार्थ्यांनी मैदानावर पाऊल टाकले, हा आकडा त्या अहवालात नसतो. तो कोणी विचारतही नाही. तीन वर्षे टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा दोष केवळ इतरांना देता येणार नाही.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात बारा जण घेतात. मी तिन्ही वर्षे तेरावा होतो. ‘तेरावा’ म्हटले की आपल्याकडे दुसरेच काही आठवते, आणि संघनिवडीची यादी फळ्यावर लागली की मलाही साधारण तसेच वाटत असे. त्यामुळेच की काय, बर्लिनच्या ‘अल्बा’ या व्यावसायिक बास्केटबॉल क्लबचा इतिहास वाचताना माझे लक्ष त्याच्या विजेतेपदांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. ती गोष्ट आपल्या प्राध्यापकांपुढे आणि मित्रमैत्रिणींपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बर्लिन शहर आणि हा खेळ यांची गाठ जुनी आहे. पुरुषांच्या बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये अधिकृत स्थान मिळाले ते १९३६ साली, बर्लिनमध्येच. सामने छपराखाली नव्हते, टेनिससाठी तयार केलेल्या मातीच्या मैदानांवर होते. अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला, चेंडू टप्पा घेईनासा झाला. आणि अमेरिकेने कॅनडाला हरवले ते १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी! या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ त्या वेळी बर्लिनमध्ये हजर होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्याच सुमारास बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले होते. मात्र त्या साऱ्या सोहळ्यावर हिटलरच्या राजवटीची छाया होती. खेळाडूंच्या घामावर राज्यकर्त्यांची शोभा वाढवून घेण्याचा तो प्रकार होता. कपाट सजवण्याची हौस काही आपल्याच जिमखान्याची नाही!

पुढे महायुद्ध झाले, शहराचे दोन तुकडे पडले आणि १९६१ साली त्यांच्यामधून भिंत उभी राहिली. पूर्व बर्लिन हे साम्यवादी पूर्व जर्मनीचे राजधानीचे शहर बनले. त्या राजवटीने खेळांवर अतोनात पैसा खर्च केला, पण हिशेब चोख ठेवून. कोणत्या खेळावर खर्च केला असता किती पदके हाती येतात, हा तो हिशेब. एक जलतरणपटू एकाच स्पर्धेत तीन-चार पदके आणू शकतो. बास्केटबॉलचे बारा खेळाडू वर्षानुवर्षे पोसले तरी पदक एकच, तेही मिळाले तर. तेव्हा १९६९ साली तेथील क्रीडाधुरीणांनी खेळांची सरळ दोन गटांत वाटणी केली. पदके देणाऱ्या खेळांना सर्व काही, उरलेल्यांना जवळजवळ काही नाही. बास्केटबॉल दुसऱ्या गटात गेला. वरच्या दर्जाचे प्रशिक्षण बंद झाले, परदेशी स्पर्धांची दारे मिटली. छोट्या छोट्या मंडळांतून हौसेने खेळणारे तेवढे उरले.

एका अर्थाने तो हिशेब बरोबर ठरला, हे मान्य केले पाहिजे. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीने ४० सुवर्णपदके जिंकली आणि अमेरिकेलाही मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला. लोकसंख्या उणीपुरी पावणेदोन कोटी! जगाने तोंडात बोटे घातली. पण त्या पदकांची किंमत पुढे कळली. भिंत पडल्यावर जी कागदपत्रे उजेडात आली, त्यांवरून शासनाच्याच योजनेने खेळाडूंना, अगदी अल्पवयीन मुलींनासुद्धा, त्यांच्या नकळत उत्तेजक औषधे दिली जात होती हे सिद्ध झाले. पदक हेच जेव्हा एकमेव माप ठरते, तेव्हा माणूस हा कच्चा माल होतो. ज्यांना पदक आणता येणार नव्हते ते बाहेर राहिले, आणि ज्यांना आणता येणार होते त्यांच्यापैकी अनेकांची शरीरे कायमची बिघडली. या सौद्यात नेमके जिंकले कोण?

भिंतीच्या पलीकडे, पश्चिम बर्लिनच्या शार्लोटेनबर्ग भागात, बास्केटबॉल चालू होता. तेथील जुन्या क्रीडामंडळाच्या बास्केटबॉल विभागातून एक संघ उभा राहिला होता. तो पहिल्या श्रेणीत खेळे, पण त्याचा फार गाजावाजा नव्हता. १९८९ च्या नोव्हेंबरात भिंत पडली, १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि १९९१ मध्ये या संघाला नवा प्रायोजक व नवे नाव मिळाले : अल्बा बर्लिन. हे ‘अल्बा’ कोण? कोणी राजा नव्हे, पुढारी नव्हे की हुतात्मा नव्हे. ती बर्लिनमध्येच १९६८ साली सुरू झालेली, शहराचा केरकचरा, रद्दी, भंगार उचलून त्यातून पुन्हा वापरण्याजोगा माल काढणारी कंपनी. आपल्या गावात एखाद्या संघाला असे नाव दिले असते तर आपण नाके मुरडली असती. बर्लिनकरांनी मुरडली नाहीत. क्लब त्या नावाने मोठा झाला आणि ते नाव तीस वर्षांहून अधिक काळ टिकले.

१९९३ मध्ये स्वेतिस्लाव पेशिच हे या क्लबचे प्रशिक्षक झाले. मूळचे युगोस्लाव्हियातले हे गृहस्थ त्याच वर्षी जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना म्युनिकमध्ये युरोपीय विजेतेपद मिळवून चुकले होते. अंतिम सामन्यात रशियावर ७१ विरुद्ध ७० असा, म्हणजे अवघ्या एका गुणाने विजय! पेशिच यांच्या हाताखाली अल्बाने १९९५ मध्ये कोराच करंडक जिंकला. अंतिम फेरीतला मिलानविरुद्धचा पहिला सामना ८७-८७ असा बरोबरीत सुटला, दुसरा अल्बाने ८५-७९ असा घेतला. युरोपातील क्लब-स्पर्धेत पुरुषांचा करंडक जिंकणारा हा पहिला जर्मन संघ. मग १९९७ पासून २००३ पर्यंत सलग सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद. त्याआधीची सात वर्षे लेव्हरकुझेनच्या संघाने ते आपल्याकडे ठेवले होते, तो संघ औषधे बनविणाऱ्या बायर कंपनीच्या छत्राखालचा. म्हणजे चौदा वर्षे जर्मनीचे हे विजेतेपद दोनच घरांत नांदले.

या काळातली एक गोष्ट मला करंडकांहून मोलाची वाटते. १९९६ च्या डिसेंबरात माक्स श्मेलिंग सभागृह बांधून झाले आणि अल्बाचा संघ तेथे खेळू लागला. प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याच्या नावाचे हे क्रीडागृह प्रेन्झलाउअर बेर्ग या भागात, पूर्वीच्या पूर्व बर्लिनमध्ये आहे. आणि भिंत जेथून जात होती ती जागा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. पश्चिमेत जन्मलेला संघ पूर्वेत राहायला गेला. ज्या मातीतून सत्तावीस वर्षांपूर्वी हा खेळ ‘परवडत नाही’ म्हणून उपटून टाकला होता, त्याच मातीत तो पुन्हा लावला गेला.

लावला गेला खरा, पण रुजला का? येथेच या इतिहासाचे खरे वळण आहे. २००३ नंतर अल्बाची सद्दी संपली. २००८ चे एक विजेतेपद सोडले तर २०२० पर्यंत राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे फिरकले नाही. २००६, २०११, २०१४, २०१८, २०१९ अशा पाच अंतिम फेऱ्यांत ते हरले. पस्तीस लाखांच्या राजधानीला बाम्बेर्गसारखे पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे गाव भारी पडले. बाम्बेर्गने २००५ ते २०१७ या काळात नऊ विजेतेपदे नेली. अशा वेळी कोणताही व्यावसायिक क्लब काय करील? परदेशातून आणखी महागडे खेळाडू आणील, प्रशिक्षक बदलील, प्रायोजकाकडे हात पसरील. अल्बानेही यातले काही केलेच. पण त्याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे फळ लगेच मिळणार नव्हते. ते शाळांत गेले.

या कामाच्या मागे हेनिंग हार्निश हा माणूस होता. १९९३ च्या युरोपीय विजेत्या संघातला हा खेळाडू. लेव्हरकुझेन आणि अल्बा या दोन्ही संघांकडून मिळून त्याने नऊ राष्ट्रीय विजेतेपदे पाहिली. ज्याचे स्वतःचे कपाट इतके भरलेले, त्याने खेळणे सोडल्यावर कपाटाकडे पाठ फिरवून मुलांकडे पाहावे, हे मला विशेष वाटते. क्लबने आपले पगारी प्रशिक्षक प्राथमिक शाळांत पाठवले, पुढे बालवाड्यांतही पाठवले. सकाळी शाळेच्या शिक्षकाबरोबर खेळाचा तास घ्यायचा, दुपारी त्याच शाळेत मुलांचा सराव घ्यायचा, आणि शाळाशाळांमध्ये सामने लावायचे, अशी साधी पद्धत. म्हणजे ज्याच्या आईबापांना मुलाला क्लबात नेऊन सोडणे जमत नाही, त्याच्याकडे क्लबच चालत येतो. ग्रोपियुसश्टाट म्हणून बर्लिनच्या दक्षिणेला उंच इमारतींची एक अफाट वसाहत आहे. कलाशाखेच्या वाचकांना वाल्टर ग्रोपियुस हे वास्तुशिल्पी ठाऊक असतील. तिचा मूळ आराखडा त्यांचा. बेताच्या परिस्थितीची आणि परदेशांतून आलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. अल्बाने अशा वसाहतीत ठाण मांडून काम केले. तेथे तिकीट काढून सामना पाहणारे श्रीमंत प्रेक्षक मिळणार नव्हते, हे उघड आहे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा या प्रशिक्षकांनी काय करावे? त्यांनी ‘यूट्यूब’वर रोजचा खेळाचा तास सुरू केला. बालवाडीच्या मुलांसाठी वेगळा, प्राथमिकच्या मुलांसाठी वेगळा, मोठ्यांसाठी वेगळा. घरातल्या खुर्च्या, मोजे, उशा हेच साहित्य. बास्केटबॉल शिकवण्याचा तेथे प्रश्नच नव्हता, मूल हलते राहिले पाहिजे एवढाच उद्देश. ज्या क्लबला फक्त करंडकाची भाषा येते, त्याला त्या मार्च महिन्यात बोलण्यासारखे काहीच नव्हते.

आणि गंमत अशी, की करंडकही मग पाठोपाठ आले. त्याच वर्षी जूनमध्ये म्युनिकमध्ये सहभागी संघांना एकत्र बंदिस्त ठेवून उरलेली स्पर्धा घेण्यात आली आणि ऐतो गार्सिया रेनेसेस या सत्तरी ओलांडलेल्या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या संघाने ती जिंकली. २०२१ व २०२२ मध्येही अल्बाच विजेते ठरले. एकूण अकरा विजेतेपदे झाली. २०२४ मध्ये क्लबच्या महिला संघानेही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पण ‘मुलांवर खर्च करा म्हणजे करंडक मिळेल’ असा स्वस्त बोध मला काढायचा नाही. तसा बोध काढला तर आपण फिरून त्याच १९६९ च्या हिशेबापाशी येऊ! करंडक न मिळता तरी ते काम तितकेच योग्य ठरले असते.

तरीही एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० सप्टेंबर २०२३, मनिला. जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जर्मनी विरुद्ध सर्बिया. जर्मनीने तो ८३-७७ असा जिंकला आणि प्रथमच जगज्जेतेपद मिळवले. त्या संघात मोरिट्झ आणि फ्रान्झ हे वाग्नर बंधू होते. दोघेही प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये वाढलेले आणि अल्बाच्या मुलांच्या संघांतून घडलेले. आणि समोर सर्बियाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसले होते तेच स्वेतिस्लाव पेशिच, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी जर्मनीला आणि अल्बाला मोठे होण्याचा रस्ता दाखवला होता! आपण लावलेल्या झाडाची सावली प्रतिपक्षावर पडलेली पाहणे, हे भाग्य म्हणावे की दुर्भाग्य, वाचकांनीच ठरवावे.

आता या साऱ्यावर आक्षेप घेता येतात, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आक्षेप असा, की हे सारे व्यापारी डावपेच आहेत. आजचे शाळकरी मूल म्हणजे उद्याचे तिकीट काढणारे गिऱ्हाईक. यात तथ्य आहे. क्लबची मुलांची व हौशी शाखा नोंदणीकृत मंडळ म्हणून चालते आणि व्यावसायिक संघ कंपनी म्हणून. दोघांचे नाव मात्र एकच. व्यवसाय म्हटला की जाहिरात आली. २००८ पासून अल्बाचे सामने ज्या भव्य सभागृहात होऊ लागले, त्याचे नाव आधी ‘ओ-टू वर्ल्ड’, मग ‘मर्सिडीज-बेंझ अरेना’ आणि २०२४ पासून ‘ऊबर अरेना’. जो पैसे देईल त्याची पाटी! पण पाटी कोणाचीही असो, ग्रोपियुसश्टाटमधल्या मुलीला चेंडू मिळाला की नाही, हा खरा प्रश्न आहे. तिला तो मिळाला. देणाऱ्याचा हेतू शंभर टक्के शुद्ध असेपर्यंत थांबायचे ठरवले, तर मुले म्हातारी होतील.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एवढे करून उपयोग काय? मोरिट्झ २०१५ मध्ये आणि फ्रान्झ २०१९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले आणि तेथून तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये. सर्वांत कसदार दाणे पाखरांनी नेले. इकडे अल्बाची स्थिती काय? युरोलीग या युरोपातील सर्वोच्च स्पर्धेत २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते तळाला राहिले. साखळीतच चौतीस सामने, सततचा विमानप्रवास आणि समोर त्यांच्याहून कितीतरी धनवान क्लब. शेवटी २०२५ मध्ये अल्बाने ती स्पर्धा सोडली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जाण्याचे ठरवले. ही माघार नव्हे काय?

माघारच आहे, दुसरे काय म्हणायचे? वर्षानुवर्षे सभागृह भरवणाऱ्या प्रेक्षकाला वाईट वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे. आणि वरच्या पायरीवर कोणी उभेच नसेल तर खालच्या पायरीवरच्या मुलाने मान वर करून पाहायचे कोणाकडे, हाही प्रश्न खोटा नाही. उत्तम खेळ पाहिल्याशिवाय उत्तम खेळावेसे वाटत नाही. म्हणून करंडक नकोतच, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याच्याजवळ केवळ कपाट आहे, त्याला एक पायरी खाली उतरणे म्हणजे मरण वाटते. ज्याच्यामागे शाळांतली शेकडो मुले उभी आहेत, त्याला ऐपत ओळखून खाली उतरता येते आणि जमल्यास पुन्हा चढताही येते. पूर्व जर्मनीची ४० सुवर्णपदके आज संग्रहालयात आहेत. तो देशही उरला नाही. शाळेत खेळलेले मूल मात्र जगज्जेते होवो न होवो, जन्मभर खेळलेले मूल असते. वाग्नर बंधू हे त्यांतले दोन. बाकीची मुले कारकून झाली असतील, नर्स झाली असतील, शिक्षक झाली असतील. त्यांची नावे कोणत्याही ढालीवर नाहीत. अल्बाच्या इतिहासातली मोठी माणसे मला तीच वाटतात.

आपल्याकडे बर्लिनचा पैसा नाही, व्यावसायिक क्लब नाही; हे सांगायला कोणी जाणकार नको. पण अल्बाने शाळेत जे केले, त्याचा आरंभ पैशाने झाला नव्हता. जो यादीत नाही त्याच्याकडे आधी जायचे, या निश्चयाने झाला होता. आपल्या मैदानाच्या रिंगला गेली दोन वर्षे जाळी नाही. संघाचा सराव संपला की चेंडू कुलपात जातो. बारा जणांच्या पलीकडच्या कोणी तो मागितला तर ‘स्पर्धा जवळ आली आहे’ असे उत्तर मिळते. स्पर्धा नेहमीच जवळ आलेली असते!

तेव्हा जिमखान्याच्या प्राध्यापकांना नम्र सूचना अशी, की पुढील वर्षीच्या अहवालात ढालींच्या आकड्याखाली आणखी एक आकडा छापावा : यंदा मैदानावर येऊन गेलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींचा. पहिल्या वर्षी तो लाज वाटण्याइतका लहान असेल. तरी छापावा. लहान आकडा डोळ्यांसमोर राहिला तर तो वाढवावासा वाटतो. मी तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेला असेन. पण पुढच्या वर्षी फळ्यावर यादी लागेल तेव्हा तेराव्या मुलाच्या हातात निदान चेंडू असावा, एवढीच इच्छा आहे.

(तृतीय वर्ष, कला)